आजीचा नंबर आजीच्याच नावावर

घरात रेडिओजवळ बसलेल्या आजी, आत्याबाई, मावशी, आजचं बोलणं खरं तर तुमच्यासाठीच आहे. सुनांनी, लेकींनी भाकरी थापता थापता ऐकलं तरी चालेल.

आम्ही मावळात बचत गटांच्या समन्वयाचं काम करतो. नाणे मावळ, अंदर मावळ, पवन मावळ आणि वर लोणावळ्यापर्यंत आमचं फिरणं असतं. बैठकीत बचत गोळा होते, कर्जाचे हप्ते लिहिले जातात, वही बंद होते. पूर्वी तिथे बैठक संपायची. हल्ली संपत नाही. वही बंद झाली की पदराच्या गाठीतून, प्लॅस्टिकच्या पिशवीतून एकेक फोन बाहेर येतो. "ताई, हा मेसेज कसला आलाय बघा." "ताई, पैसे आलेत का सांगा." "ताई, हा सारखा वाजतोय, ह्याला गप कसं करू?" आणि हे विचारणाऱ्या बहुतेक जणी साठीच्या पुढच्या असतात.

म्हातारपणी फोन कशाला हवाय, असं घरातले म्हणतात. पण आपल्या गावांकडे जरा बघा. मुलं चाकणला, तळेगावच्या एमआयडीसीत, पिंपरीला, मुंबईला. कोणाची रात्रपाळी, कोणाची दिवसपाळी. गावात घर आहे, भाताचं खाचर आहे, एखादी म्हैस आहे, आणि ह्या सगळ्याला राखायला एकटी आई आहे. तिचे गुडघे दुखतात, पण तिला पोराच्या एका खोलीत जाऊन भिंतीकडे बघत बसायचं नाहीये. तिला तिच्या घरात राहायचंय. आता ह्या बाईचं अनुदान खात्यात येतं, त्याची खबर फोनवर येते. दवाखान्याचं कार्ड फोनवरून निघतं. लाईट बिल फोनवर. डॉक्टरचा नंबर फोनवर. म्हणजे तिला तिच्या घरात राहायचं असेल तर फोन चालवता आला पाहिजे, एवढं साधं गणित आहे. आणि त्यात पहिला प्रश्न फोनचा नसतोच. पहिला प्रश्न असतो, नंबर कोणाचा?

लाडक्या बहिणीच्या केवायसीच्या वेळी हे सगळ्यांच्या लक्षात आलं. आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येतो. तेव्हा कळलं की आईच्या आधारला नंबर आहे तो थोरल्याचा, आणि थोरला कंपनीत, फोन गेटवर जमा. कोणाचा नंबर नातवाचा, त्याने सिम कधीच बदललं. कोणाचा नंबर वारलेल्या मालकांचा. एका आजींच्या आधारला तर गावात फॉर्म भरायला आलेल्या मुलानं स्वतःचाच नंबर घातलेला होता. त्याच्या मनात वाईट नव्हतं, आजींकडे नंबर नव्हता आणि फॉर्मवरची चौकट रिकामी ठेवता येत नव्हती. पण परिणाम काय झाला? आजींच्या खात्याची किल्ली परक्या मुलाच्या खिशात राहिली.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते. रिचार्ज न केल्यानं नंबर बंद झाला की तो कायमचा तुमच्यासाठी राखून ठेवत नाहीत. बंद झाल्यावर ९० दिवस तो कोणाला देत नाहीत, पुढे तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला मिळू शकतो. म्हणजे तुमच्या बँकेत, आधारमध्ये जो जुना नंबर पडून आहे, तो आज सांगली-सोलापूरच्या कोणा अनोळखी माणसाकडे असू शकतो. तुमचे पैसे आल्याचा मेसेज तो वाचतोय आणि डोकं खाजवतोय.

म्हणून आम्ही गटात आता एक काम पहिलं करायला लावतो. आजीचं सिम आजीच्या नावावर. मग तोच नंबर आधारला, आणि तोच बँकेला. आधारमध्ये नंबर बदलायला वेगळा कागद लागत नाही, पण केंद्रात बदलायचा तर स्वतः जावं लागतं, कारण बोटांचे ठसे किंवा डोळे जुळवून बघतात. कान्हे-वडगावपर्यंत जाणं जमत नसेल तर पोस्टमन दादांना विचारा. २०२१ पासून पोस्टाच्या बँकेचे पोस्टमन घरी येऊन आधारचा मोबाईल नंबर बदलून देतात. बँकेत मात्र वेगळा अर्ज द्यावा लागतो. आधारमध्ये बदलला की बँकेत आपोआप बदलतो असं समजू नका. आणि आपल्या नावावर आणखी कोणी सिम काढून ठेवलीत का, हे संचार साथी ह्या सरकारी संकेतस्थळावर कळतं. गटातली एखादी शिकलेली मुलगी ते पाच मिनिटांत बघून देईल.

रिचार्जचं म्हणाल तर इंटरनेट वापरत नसाल तर इंटरनेटचे पैसे का भरायचे? २०२४ च्या डिसेंबरमध्ये ट्रायनं कंपन्यांना सांगितलं की फक्त बोलणं आणि मेसेज एवढाच रिचार्जही ठेवला पाहिजे. दुकानदार आपणहून सांगणार नाही. आपणच विचारायचं, "दादा, नुसत्या बोलण्याचा कितीला आहे?"

आता अंगठ्याचं. आयुष्यभर चिखलात भाताची लावणी केली, राखेनं भांडी घासली, शेण काढलं. त्या बोटांवर रेषा राहतील का? रेशनच्या मशिनवर, बँक सखीच्या मशिनवर आजी बोट ठेवतात, मशिन म्हणतं जुळत नाही. मागची रांग कुजबुजायला लागते. आजी बिचाऱ्या पदराला बोट पुसतात, परत ठेवतात, आणि जसा काही गुन्हा केलाय अशा तोंडानं बघतात. अहो, तुमच्या बोटाचा नाही, दोष असलाच तर मशिनचा. हात धुऊन कोरडे करा, अंगठा नाही तर दुसरं बोट लावून बघा. दहा बोटांत एखादं तरी बऱ्याचदा जुळतं, ते कोणतं ते लक्षात ठेवा. तेही नाही तर डोळ्यांची किंवा चेहऱ्याची ओळख पटवायची सोय आधारमध्ये आहे, ती आहे का म्हणून विचारा. नाही म्हणाले तर वर कोणाला विचारायचं तेही विचारा.

चेहऱ्याचं सांगताना एक निकाल आठवतो. कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकवा, असं केवायसीत सांगतात. ज्यांना दिसत नाही, ज्यांच्या डोळ्यांना इजा आहे, त्यांनी काय करायचं? ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं ह्यावर निकाल दिला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन लोकांचा तो खटला होता. डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि डोळे मिचकवणं जमत नाही म्हणून कोणाला परत पाठवायचं नाही, दुसरा मार्ग द्यायचा, असं न्यायालयानं सांगितलं. तो खटला म्हाताऱ्यांचा नव्हता, पण मोतीबिंदू झालेल्या आपल्या आजीलाही तो लागू पडतो असं आम्हाला वाटतं.

मोतीबिंदूवरून आठवलं. आम्ही कोणत्याही आजींना फोन शिकवायच्या आधी डोळे तपासून यायला सांगतो. दिसतच नसेल तर शिकवणार काय? चष्म्याचा नंबर बरोबर असेल तर निम्मं काम तिथंच होतं. राज्याच्या वयोश्री योजनेत ६५ च्या पुढच्या, कमी उत्पन्नाच्या माणसांना एकदा ३००० रुपये खात्यात मिळतात. चष्मा, कानाचं यंत्र, काठी अशा वस्तूंसाठी ते पैसे आहेत. ज्यांनी घेतले त्यांनी त्यातून खरंच चष्मा घेतला का, हे त्यांच्या सुनांनी बघावं. नातवाच्या फीमध्ये गेले असतील तर आजी सांगणार नाहीत.

हयातीच्या दाखल्याबद्दल सांगायचंय. ज्यांचे मालक कारखान्यात होते, रेल्वेत होते, सरकारी नोकरीत होते, त्या बायकांना पेन्शन मिळतं आणि दरवर्षी जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी नोव्हेंबरात बँकेच्या पायरीवर म्हाताऱ्या माणसांची रांग असायची. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये जीवन प्रमाण म्हणून डिजिटल दाखला सुरू झाला, आणि २०२१ पासून चेहरा दाखवूनही तो निघतो. जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन ॲप ज्या फोनवर आहेत, त्या फोनवरून घरातल्या घरात होतं. फोन शेजारणीचा असला तरी चालतो. उजेडात बसायचं, मागे भिंत मोकळी, डोक्यावरचा पदर जरा मागे. पोस्टमनला घरी बोलावलं तर ७० रुपयांत तो काढून देतो. कारखान्याच्या भविष्यनिर्वाह निधीचं पेन्शन असेल तर दाखला वर्षात कधीही देता येतो, दिल्यापासून बारा महिने चालतो. तेव्हा नोव्हेंबरच्या गर्दीत जायचं कारण नाही, भातकापणी उरकून निवांत करा.

श्रावणबाळ, संजय गांधी योजनेच्या आजींनाही दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. त्यांचे १५०० रुपये आता थेट आधारला जोडलेल्या खात्यात जातात. इथे एक गडबड वारंवार होते. मध्ये कधीतरी सिमच्या दुकानात किंवा मेळाव्यात अंगठा दिलेला असतो, त्यातून दुसरं खातं उघडलेलं असतं, आणि आधार तिकडे जोडलं गेलेलं असतं. आजी पासबुक भरून आणतात, पैसे नाहीत म्हणून तहसीलला खेटे घालतात. पैसे बंद झालेले नसतात, ते दुसऱ्याच खात्यात जमत असतात. आधारला कोणती बँक जोडली आहे हे आधारच्या संकेतस्थळावर दिसतं, पण त्यासाठी ओटीपी हवा. परत आलो का नंबरावर?

बरं, हे झालं पैशाचं. आता तब्येतीचं.

ज्यांचं वय ७० च्या पुढं आहे, त्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. हे २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालं. ह्याला उत्पन्नाची अट नाही, पिवळं-केशरी कार्ड काही बघत नाहीत. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार यादीतल्या रुग्णालयात होतात. आधारवरचं वय बघतात, म्हणून आधारवर जन्मसाल चुकलेलं असेल तर आधी ते बघा, कारण आपल्याकडच्या बऱ्याच आजींचा जन्म "१ जानेवारी" असतो. कोणतं रुग्णालय यादीत आहे हे १४५५५ ला फोन करून विचारता येतं. दुखणं आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा कार्ड आधीच काढून पत्र्याच्या पेटीत ठेवावं, आणि त्याचा फोटो फोनमध्ये.

फोनमध्ये फोटो, ही फार कामाची गोष्ट आहे. लिहिता-वाचता येत नाही त्या आजींनाही फोटो काढता येतो. गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो, डॉक्टरच्या चिठ्ठीचा फोटो, रक्ताच्या रिपोर्टचा फोटो. पवनानगरच्या बाजूच्या एका आजी दवाखान्यात जाताना कागदांची पिशवी घरीच विसरल्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं कोणती गोळी चालू आहे, तर एरवी आपण सांगतो "ती पांढरी, बारीक". आजींनी फोन पुढे केला. आम्ही त्यांना एवढंच शिकवलं होतं.

गोळ्यांच्या वेळेचा गजरही लावता येतो. पण नुसता टणटण गजर म्हाताऱ्या माणसाला दचकवतो. काही फोनमध्ये आपला आवाज भरून गजराला लावता येतो. नातीच्या आवाजात "आजी, जेवलीस का? आता बीपीची गोळी घे" असं वाजलं की आजी त्या फोनशी बोलायला लागतात, ते सोडा, पण गोळी चुकत नाही.

ब्लड प्रेशरचं मशिन आमच्या काही ग्रामसंघांनी मिळून घेतलंय. मशिन चांगलं आहे, मोजायची पद्धत मात्र बिघडलेली असते. चढ चढून यायचं, दम लागलेला असताना पट्टा बांधायचा आणि वर गप्पा मारायच्या. असं नाही. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकून, पाय जमिनीला टेकलेले, हात छातीच्या उंचीला टेबलावर, पट्टा उघड्या दंडावर, आणि तोंड बंद. एका मिनिटानं परत मोजायचं. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या वर सारखा येत असेल तर आशा ताईंना सांगा, दवाखान्यात दाखवा. मशिनचा आकडा बघून स्वतःच गोळी वाढवायची नाही आणि बरं वाटलं म्हणून बंदही करायची नाही.

फोनवरून डॉक्टरला दाखवायची सरकारी सोय ई-संजीवनी आहे. २०२० च्या एप्रिलपासून, म्हणजे टाळेबंदीत, ती घरच्या फोनवर सुरू झाली. नंबर टाकायचा, टोकन मिळतं, डॉक्टर व्हिडिओवर बोलतात, चिठ्ठी फोनवर येते. पैसे नाहीत. ज्यांच्याकडे असा फोन नाही, त्यांना उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी जोडून देतात. लोणावळ्याच्या बायका म्हणतील, आमच्याकडे तर दवाखाने आहेत. आहेत ना. पण जुलैच्या शनिवार-रविवारी घराबाहेर पडून दाखवा. भुशी डॅमला निघालेल्या गाड्यांनी रस्ते भरलेले, रिक्षा हलत नाही, पाऊस थांबत नाही. साधा खोकला, सांधेदुखी, गोळ्या संपल्या अशा गोष्टींसाठी सत्तरीच्या बाईनं त्या गर्दीत कशाला जायचं? वेळा मात्र आधी बघून ठेवा. आणि छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, तर ई-संजीवनी नाही, थेट १०८.

मदतीच्या बटणाबद्दल बऱ्याच जणींना माहीत नाही. २०१७ पासून विकायच्या मोबाईलमध्ये संकटाचं बटण असावं असा सरकारी नियम आहे. साध्या बटणांच्या फोनमध्ये ५ किंवा ९ चा आकडा दाबून धरला की ११२ ला फोन लागतो. मोठ्या फोनमध्ये बाजूचं बटण भराभर दाबायचं असतं, किती वेळा ते फोनप्रमाणे बदलतं. तुमच्या फोनमध्ये कसं आहे ते दुकानात विचारून घ्या. उगाच दाबून बघू नका, पोलिसांना फोन लागेल.

पण आमच्या अनुभवात सगळ्यात जास्त कामाला आलेली गोष्ट कोणत्याही सरकारी ॲपची नाही. नाणे मावळातल्या एका गावात भजनी मंडळाच्या बायकांचा व्हॉट्सॲप गट आहे. रोज सकाळी प्रत्येकीनं आपल्या आवाजात "राम कृष्ण हरी" म्हणून पाठवायचं. टाईप करायचं नाही, माईकचं चिन्ह दाबून धरायचं, म्हणायचं, सोडायचं. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांनी शेजारणीला मिस्ड कॉल द्यायचा. नऊ वाजेपर्यंत कोणाचं "राम कृष्ण हरी" आलं नाही तर जवळची बाई जाऊन दार वाजवते. एका थंडीत एक काकू न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या, उठता येत नव्हतं. साडेनऊला शेजारीण दारात होती. मुलगा पुण्याहून पोचायला दुपार झाली असती. आता पावसाळ्यात काय करायचं हे त्यांनी स्वतःच ठरवलंय. वीज दोन-दोन दिवस नसते, डोंगराआडच्या वाड्यांवर रेंज जाते. तेव्हा फोन नाही, सरळ घरी जायचं. छत्री घेऊन.

आता फसवणुकीचं. ह्यावर मागे बोलणं झालंय, पण परत सांगावं लागतं, कारण चोर रोज नवीन वेष घालून येतात. मावळात जमिनी विकल्या गेल्या, खात्यांत पैसे आले, हे चोरांनाही ठाऊक आहे. "आज रात्री लाईट तोडणार" असा मेसेज येतो. लग्नपत्रिका म्हणून फाईल येते आणि उघडली की फोनच त्यांच्या ताब्यात जातो. पत्रिका कधी एपीके नावाची फाईल म्हणून येत नाही, तिच्या शेवटी तशी अक्षरं दिसली की उघडायची नाही. पोलिसाच्या वेषातला माणूस व्हिडिओवर येऊन म्हणतो, तुम्हाला डिजिटल अटक झाली, कोणाला सांगू नका. असली अटक कायद्यातच नाही. २७ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांनीही रेडिओवर हेच सांगितलं. आणि "कोणाला सांगू नका" हे शब्द ऐकले की लगेच सांगायचं. शेजारणीला, गटाच्या अध्यक्षांना, जी समोर दिसेल तिला.

दोन गोष्टी मात्र तोंडपाठ करा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो पैसे द्यायला. आणि पैसे गेले तर १९३०. जितक्या लवकर कराल तितकी पुढे गेलेली रक्कम अडवता येण्याची आशा जास्त. आमचा अनुभव असा की बायका पैसे गेल्याचं दोन-दोन दिवस लपवतात, मुलगा ओरडेल म्हणून. तर मुलांनो, तुम्हीही ऐकत असाल तर ऐका. ओरडायचं ते फोन झाल्यावर ओरडा, आधी १९३० लावा.

घरच्यांबद्दल बोलणं अवघड आहे, पण बोलायला हवं. आईचं एटीएम कार्ड मुलाकडे, पिन सुनेला माहीत, फोन नातवाकडे, हे आपल्याकडे सर्रास आहे. त्यात दर वेळी लबाडी असते असं नाही. बहुतेक घरांत ते सोयीनं झालेलं असतं आणि मुलं आईचं सगळं नीट करतात. तरी आईला दर वेळी शंभर रुपयांसाठी हात पुढे करावा लागतो, तेही तिच्याच पैशासाठी. आमचं म्हणणं एवढंच की मदत करा, पण मेसेज तिच्या फोनवर येऊ दे. खात्यात किती आहे हे तिला विचारल्याशिवाय कळू दे. बऱ्याच बँकांच्या नंबरवर मिस्ड कॉल दिला की शिल्लक मेसेजनं येते, इंटरनेट लागत नाही. स्टार नव्याण्णव हॅश, म्हणजे *९९#, हे साध्या फोनवरही मराठीतून चालतं.

जमिनीचंही तसंच. सातबारा आता भूलेखच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतो. सहीचा डिजिटल उतारा १५ रुपयांत मिळतो. गावात कोणता फेरफार चाललाय ह्याची नोटीस आपली चावडी ह्या पानावर लागते आणि हरकत घ्यायला १५ दिवस असतात. वर्षातून दोनदा तरी आपलं नाव सातबाऱ्यावर आहे ना, हे गटातल्या मुलीकडून बघून घ्या. बघण्यात कोणावर संशय नसतो. आपण धान्याच्या कणग्या उघडून बघतोच की नाही? आणि घरात त्रास होत असेल, कोणी विचारत नसेल, तर ज्येष्ठांसाठी १४५६७ हा फुकट नंबर आहे. सकाळी आठ ते रात्री आठ. नाव सांगायला घाबरू नका.

हे सगळं शिकवायचं कोणी, हा प्रश्न उरतो. सरकारनं २०१७ मध्ये खेड्यापाड्यांत डिजिटल साक्षरतेची मोठी मोहीम काढली, घरटी एक माणूस. चांगली होती. पण वयाची अट होती १४ ते ६०. साठीच्या पुढची बाई वर्गातच बसू शकत नव्हती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या, शंभरातल्या ५४ बायकांनी सांगितलं की स्वतः वापरतो असा फोन आमच्याकडे आहे. पण त्या पाहणीत प्रश्न विचारला होता तो १५ ते ४९ वयाच्या बायकांना. आजीला कोणी विचारलंच नव्हतं. पैसे, दाखला, कार्ड हे सगळं फोनवर आणायचं ज्यांच्यासाठी, त्यांनाच शिकवायचं राहून गेलं, हे आम्हाला पटत नाही. नव्या उल्लास साक्षरता कार्यक्रमात १५ च्या पुढे कोणतंही वय चालतं, तिथे नाव घालता येईल.

आणि आजींना शिकता येत नाही असं म्हणू नका. ठाणे जिल्ह्यात मुरबाडजवळ फांगणे गावी २०१६ च्या ८ मार्चला आजीबाईंची शाळा सुरू झाली. योगेंद्र बांगर गुरुजींनी ती काढली. साठ ते नव्वद वयाच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन शाळेत गेल्या. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजी नातवाबरोबर यूट्यूबवर आल्या, लाखो लोक त्यांच्याकडून स्वयंपाक शिकले. कॅमेरा नातवाचा, पण पदार्थ आणि बोलणं आजींचं.

आमच्या गटांत शिकवायचे दोनच नियम आहेत. एका बैठकीत एकच गोष्ट. आणि शिकवणारीनं हात पाठीमागे बांधायचे. बोट दाखवायचं, फोनला हात लावायचा नाही. कारण घरात काय होतं? "आजी, दे इकडे, मी करते," म्हणून नात फोन ओढून घेते, चार सेकंदांत काम होतं, आणि आजीला काहीच कळलेलं नसतं. आजीनं स्वतः केलं तर दहा मिनिटं लागतील. लागू देत. आम्ही अक्षरं मोठी करून देतो, नंबरांना नावाऐवजी फोटो लावतो, आणि नको ती ॲप काढून टाकतो, आजींना विचारून.

मागच्या आठवड्यात कामशेतहून एका वहिनींनी विचारलंय की सासूबाईंना मोठा फोन घ्यावा का साधा. वहिनी, आधी आत्याबाईंनाच विचारा. बोलणं, मेसेज आणि ११२ एवढ्यासाठी साधा फोन उत्तम, चार्जिंग तीन-चार दिवस टिकतं, पडला तरी फुटत नाही, आणि पावसाळ्यात आपल्याकडे हे फार मोलाचं आहे. नातवंडांची तोंडं बघायची असतील, भजनं ऐकायची असतील, डॉक्टरला दाखवायचं असेल तर मोठा. तुमचा जुना फोन देणार असाल तर त्यातलं तुमचं सगळं पुसून, नवी बॅटरी घालून द्या. कुरकुरणारा फोन देऊन "ह्यांना जमत नाही" म्हणू नका. कोणताही घेतलात तरी सिम आत्याबाईंच्या नावावर, त्यांच्या आधारवर, आणि दुकानात अंगठा द्यायला त्यांना सोबत न्या.

पुढच्या बैठकीला येताना आज्यांनी फोन, चार्जर, पासबुक, आधार कार्ड आणि चष्मा बरोबर आणायचा. पिन कागदावर लिहून आणायचा नाही.